भरताना चूक

बारामतीत इंदापूर रस्त्याला आमचं कॅसेटचं दुकान होतं. आमचं म्हणजे नवऱ्याने हौसेने काढलेलं, आणि वर्षभरात त्याला कारखान्यात नोकरी लागल्यावर माझ्या गळ्यात पडलेलं. मला गाण्यातलं काही कळत नव्हतं. पण टेपचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने कसं पुसायचं ते कळत होतं आणि त्या धंद्यात तेवढं पुरायचं. लोक कोरी कॅसेट आणायचे, काय हवं ते सांगायचे, मी भरून द्यायचे. कॅसेट भरणे हाच शब्द होता. गिरणीत दळण टाकून जावं तशी माणसं कॅसेट टाकून बाजाराला जायची आणि परतताना घेऊन जायची.

माझ्या भरण्यात चूक नसायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा वाद त्यावरूनच झाला.

एमआयडीसीत एक साहेब होते, परदेशात ट्रेनिंग घेऊन आलेले. नव्वद सालानंतर लगेचची गोष्ट आहे. त्यांची बदली झाली तेव्हा आईसाठी जुनी भक्तिगीतं भरून घ्यायला ते दुकानात आले आणि सामान आवरताना निघालेल्या तीन इंग्रजी कॅसेट काउंटरवर ठेवून गेले. "बघा, कुणाला आवडतात का," म्हणाले. ज्या अर्थी सोबत नेल्या नाहीत, त्या अर्थी घरात कुणाला आवडत नसाव्यात असं मी धरून चालले. तिन्ही कॅसेट एकाच बँडपार्टीच्या होत्या, हे मात्र मागाहून कळलं. पहिलीवर चकचकीत कपड्यांतली आठ-दहा माणसं वाद्यं घेऊन उड्या मारत होती. दुसरीवर तीच माणसं, कपडे आणखी चकचकीत. तिसरीवर एक माळरान आणि त्यात एक रिकामी खुर्ची.

हे कसलं गाणं म्हणतात ते मी साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, फंक. मी स्केचपेनने कॅसेटच्या कडेला लिहिलं. पेन गळका होता. 'फ'च्या पायाशी शाईचा थेंब पडला आणि वाळताना त्याला शेपूट फुटलं.

कळंबचे मास्तर दुकानात आले ते त्याच आठवड्यात. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, बँडचे. इंदापूर तालुक्यातल्या निम्म्या वराती त्यांच्या बँडच्या मागून चालत. त्यांचे वडील दरवर्षी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि पावा चांगला वाजवायचे. पुढे मेंढरं गेली, थोडी शेती आली, पोराच्या हातात पाव्याच्या जागी ट्रम्पेट आला. मास्तरांनी चष्मा वर करून कॅसेटची कड वाचली.

"फुंक?" ते म्हणाले. "बाई, ह्यात फुंकीचं हाय का काय?"

मला माहीत नव्हतं, म्हणून लावून बघितलं. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि आणखी काय काय ते सगळं एकदम अंगावर आलं. मास्तर दोन्ही हातांनी काउंटर धरून उभे राहिले. एक बाजू संपेपर्यंत हलले नाहीत.

"फुंकच हाय," ते म्हणाले.

झालं. तेव्हापासून आमच्याकडे त्या संगीताचं नाव फुंक पडलं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे एक सर दुकानात यायचे, त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगितलं की शब्द फंक असा आहे. लोक ऐकून घ्यायचे आणि 'फुंक भरून द्या' म्हणायचे. फुंकणाऱ्यांच्या गाण्याला फुंक नाही म्हणायचं तर काय म्हणायचं, हे सरांना सांगता आलं नाही.

पहिल्या दोन कॅसेटी मी इतक्यांदा भरल्या की मला त्या पाठ झाल्या. समोर एक टेलर होते. पहिली कॅसेट लावली की त्यांचं मशीन आपोआप तालात चालायचं, दुसरी लावली की आणखी जोरात. ते म्हणायचे, पयली पँटीला आन दुसरी शर्टाला. इंदापूरपर्यंत वडाप करणारा एक जीपवाला होता. त्याच्या जीपमधे उसाच्या टोळीतल्या बायांपासून तलाठ्यापर्यंत सगळे फुंकेवर माना हलवत जायचे. मास्तरांची मुलगी कळंबला बालवाडी शिकवायची. तिने गॅदरिंगला दुसऱ्या कॅसेटवर पोरांचा नाच बसवला होता. पोरं नाचताना स्टेजवरून खाली पडली तरी नाचत राहिली असं ती सांगायची. बाजाराच्या दिवशी ही सगळी मंडळी दुकानात जमायची आणि मी चहा सांगायचे.

तिसरी कॅसेट बरेच दिवस ड्रॉवरमधेच राहिली होती. खुर्चीचं चित्र बघून ती मला इंग्रजी शिकवायची कॅसेट वाटली. एकदा ड्रॉवर आवरताना उलटी करून पाहिली तर मागे त्याच पार्टीचं नाव. मी टेलरना हाक मारली. त्यांनी जीपवाल्याला निरोप धाडला, जीपवाल्याने कळंबला. पुढच्या बाजाराला सगळे जमले. सर तर तास सोडून आले. मास्तर मुलीला घेऊन आले होते आणि जरा बरे कपडे घालून आले होते.

मी बटण दाबलं. ढोल वाजला आणि मग तो पुन्हा वाजेल की नाही अशी शंका यायला लागली. बेस म्हणजे विहिरीच्या तळाशी बसून कुणी बोलतंय असा. फुंकणारे होते, पण गाण्यातून दोनदा फुंकायचे आणि गप्प बसायचे. टेलर पायडलवर पाय ठेवल्यासारखा पाय उचलून बसले होते, तो पाय त्यांनी हळूच खाली ठेवला.

"वहिनी," बाजू संपल्यावर ते म्हणाले, "ह्यांच्यात कुणी वारलं का?"

"हा त्यांचा अंतर्मुख टप्पा आहे," सर म्हणाले.

"कंचा टप्पा?" जीपवाला म्हणाला. त्याला टप्पा म्हटलं की एसटीच्या भाड्याचाच आठवायचा.

सरांनी समजावलं की कलावंत आधी बाहेर पाहतो आणि नंतर आत पाहतो. टेलर म्हणाले, पाहू द्या की, पण मग कॅसेट कशाला काढायची. त्यावर सर चिडले. चिडले की ते चष्मा पुसायचे. त्या दिवशी त्यांनी तो दोनदा पुसला.

महिनाभर प्रत्येकाने ती कॅसेट घरी नेऊन ऐकली आणि मतं पक्की करून आणली. टेलरचं मत, पँटीला उपयोग नाही, शर्टाला नाही, काजं-बटणाला चालेल. जीपवाल्याने ती जीपमधे लावून पाहिली. सणसर यायच्या आत निम्मी जीप झोपली, वाटेत जंक्शनच्या फाट्यावर उतरणारा माणूस इंदापुरात जागा झाला आणि भांडला जीपवाल्याशी. सर म्हणाले, ही तिन्हींतली सर्वश्रेष्ठ. पण मी पाहायचे ना, दुकानात आले की ते स्वतः पहिलीच लावायला सांगायचे. मास्तरांची मुलगी म्हणाली, "ताई, ही लावली तवा आमच्या म्हशीनं मान वळवून घेतली."

मला विचाराल तर मलाही ती आवडली नव्हती. मी ते कधी लपवलं नाही.

मास्तर मात्र काही बोलायचे नाहीत. दर बाजाराला यायचे, तिसरी लावा म्हणायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. बाकीचे तोवर चहा पिऊन घ्यायचे.

आता ती जागा सांगते. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात एकटा ट्रम्पेट हळूहळू वर चढत जातो. तिन्ही कॅसेटींत मिळून माणूस इतकं कधी फुंकलेला नाही. चढतो, चढतो, आणि ऐन मधे, सूर पुरा व्हायच्या आत, थांबतो. मागचा ढोल आणि बेस तसेच चालू राहतात, बराच वेळ, आणि मग तेही थांबतात. ट्रम्पेट काही परत येत नाही.

"भरताना चूक झाली," टेलर म्हणाले.

मी म्हटलं, चूक नाही, असंच आहे. ते म्हणाले, असं कसं असंल. जीपवाला म्हणाला, लाईट गेली असणार. आता लाईट गेली की गाणं एकदम थांबत नाही, रेड्यासारखं ओरडत खाली बसतं, हे मी रोज बघत होते. शिवाय मागचा ढोल चालू होता. "लाईट एकट्या ट्रम्पेटची जात न्हाय," मी म्हटलं. मग हेड घाण असणार असं ठरलं. मी सगळ्यांसमोर हेड पुसलं, नवी कोरी कॅसेट काढली, पुन्हा भरली. ट्रम्पेट तिथेच थांबला. मग साहेबांची मूळ कॅसेट लावली. तिच्यातही तिथेच थांबला.

"मग साहेबाला देणाऱ्यानं भरताना चूक केली," टेलर म्हणाले.

सर माझ्या बाजूने उभे राहिले. ते म्हणाले, हे जाणीवपूर्वक केलेलं आहे, कलावंताने जागा मोकळी सोडलेली आहे. टेलर म्हणाले, "सर, मी जाणीवपूर्वक एक पाय सोडून पँट शिवली तर तुमी न्याल का?" सरांनी चष्मा काढला.

नावडतीचं मीठ अळणी म्हणतात तसं झालं. पहिल्या दोन कॅसेटींत खरखर होती, एका ठिकाणी तर मागे कुणीतरी शिंकलेलं ऐकू येत होतं. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तिसरी आवडली नाही, म्हणून तिच्यात चूक दिसली, आणि चूक दिसली म्हणून ती माझी झाली. बातमी बाजारभर गेली. इंदापूर रोडच्या दुकानात गाणी अर्धी भरतात. एका आजींनी कीर्तनाची कॅसेट परत आणली. बुवा मधे थांबून पाणी प्याले होते, तेही माझ्यावर आलं. मला फार राग आला होता. टेलरचा चहा मी दोन बाजार बंद ठेवला.

मास्तरांचं मत मी शेवटी खोदून काढलं. ते म्हणाले, चूक नाही आणि जाणीवपूर्वकही नाही. भांडण झालं असणार.

"बँडमधी व्हतंच असं," ते म्हणाले. "वाजवता वाजवता कायतरी आठवतं, माणूस उठून जातो. आमचा क्लॅरोनेटवाला एकदा पंगतीत जिलबी दिली न्हाय म्हणून ऐन वरातीतनं गेला. पर बाई, मागचे थांबले न्हाईत बघा. चांगली माणसं हायती."

मग थोड्या वेळाने म्हणाले, "पर सुपारी घेतली की वाजवून द्यावं माणसानं. अर्धं ठिऊन जाऊ न्हाय."

ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती हे मला नंतर कळलं. पावसाळ्यात लग्नं नसतात, बँडला काम नसतं. त्या पावसाळ्यात मास्तरांनी ते गाणं बँडवर बसवायला घेतलं. गाण्याचा जेवढा भाग कॅसेटमधे होता तेवढा त्यांनी महिन्यात बसवला, बेसचं काम मोठ्या भोंग्याला देऊन. त्यानंतर ते पुढचं घालायला लागले. परक्या मुलखातला एक माणूस गाणं अर्धं टाकून उठून गेला होता, आणि कळंबात एकजण ते पुरं करत बसला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बँडची पोरं कंटाळायची. मास्तर म्हणायचे, अजून त्याला घरी नेऊन पोचवायचा हाय.

दिवाळीनंतर एका रविवारी जीपवाला मला आणि माझ्या नवऱ्याला कळंबला घेऊन गेला. लिंबाखाली बँड उभा होता, रोजच्या कपड्यांत. मास्तरांनी ट्रम्पेट लावला. त्या जागेच्या जवळ आले तसे सवयीने माझे खांदे वर गेले. पण ट्रम्पेट थांबला नाही. सूर पुरा झाला, जरा रेंगाळला आणि मग उतरायला लागला, सावकाश, कामावरून परत आलेला माणूस दारात चपला काढतो तसा. ढोल आणि बेस त्याच्यासोबत उतरले आणि सगळे एकदम थांबले. मला ते आवडलं. मूळ गाणं आवडलं नव्हतं, पण हे आवडलं, आणि मी तसं सांगितलं.

"आवडलं म्हणू नका ताई," मुलगी चहा घेऊन आली होती ती म्हणाली. "त्यास्नी जोर येतो."

त्या हिवाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा मोरगावकडचा. घरी जिरायत रान, बाजरी, दहा-बारा शेरडं, आणि मुलगा एका डेअरीत नोकरीला. मास्तरांनी तिला एकट्यानेच सांभाळलेलं. बायको मुलगी लहान असतानाच गेली होती. मुलगी आहे तोवर तालमीला चहा मिळतो, एवढंच ते तिच्याबद्दल बोलायचे. पण लग्न ठरल्यावर त्यांच्या मनात एकच गोष्ट बसली. पाठवणीच्या वेळी ते गाणं वाजवायचं, पुरं केलेलं, आणि स्वतः वाजवायचं. आयुष्यभर लोकांच्या मुलींच्या पाठवणीला तेच ते ठरलेलं गाणं वाजवून ते कंटाळले होते. हे त्यांनी मला सांगितलं, टेलरना सांगितलं, जीपवाल्याला सांगितलं. मुलीला सांगितलं नाही.

तिला जीपवाल्याकडून कळलं. बाजाराच्या दिवशी ती दुकानात आली तेव्हा मास्तर डोळे मिटून तिसरी कॅसेट ऐकत होते. तिने हात पुढे करून टेप बंद केला.

"आबा," ती म्हणाली, "माज्या लग्नात पयली वाजवा, दुसरी वाजवा. ही न्हाय. मोरगावची माणसं म्हणतील, ह्यांच्यात लगीन हाय का दहावा. शब्द द्या मला."

दुकानात सगळे होते. टेलर मुलीच्या मताचे, पण त्यांनीही खाली बघितलं. मास्तर बंद टेपकडे बघत राहिले.

"बरं," ते म्हणाले. "दिला."

त्यानंतर ते दुकानात आले की तिसरी लावा म्हणायचे नाहीत. जाताना मात्र हळूच म्हणायचे, "बाई, तुमी बोलून बघा की तिच्याशी. तुमचं ऐकंल." म्हणून एकदा ती बांगड्या भरायला बारामतीला आली असताना मी बोलून पाहिलं. म्हटलं, एवढं खपून बसवलंय त्यांनी, वाजवू दे की.

ती बांगड्यांकडे बघत होती. म्हणाली, "ताई, मला ते ऐकवत न्हाय. त्यो चांगला वाजवत असतो आन मधीच जातो. परत येत न्हाय."

"तुझ्या वडलांनी आणलाय की त्याला परत."

"ते आबांनी आणलाय," ती म्हणाली. "त्यो आला न्हाय."

मी मास्तरांना सांगितलं की ऐकत नाही. ते म्हणाले, आईवर गेलीया.

लग्न उन्हाळ्यात होतं, कळंबलाच. घरचा बँड असताना बाहेरचा कशाला, असं व्याह्यांनीच म्हटल्यामुळे मास्तरांचा बँड वाजवायला होता आणि मास्तर नव्हते. मुलीच्या बापाला फेटा बांधून मांडवाच्या दारात हात जोडून उभं राहावं लागतं. ते उभे होते. हात जोडलेले, पण उजव्या हाताची बोटं ट्रम्पेटची बटणं दाबल्यासारखी हलत होती. लोकांना वाटलं, घाबरलेत.

वरात पहिल्या कॅसेटवर आली. मोरगावच्या माणसांनी फुंक पहिल्यांदाच ऐकली होती. नवऱ्या मुलाचा मामा असा नाचला की त्याला दोघांनी धरून खुर्चीत बसवला आणि तो बसून नाचला. टेलर स्वतः शिवलेल्या सुटात नाचले. सर नाचले नाहीत, पण चष्मा खिशात ठेवून उभे होते. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, मुलीकडच्यांनी कुणाला कशाला नावं ठेवायची संधी दिली नाही. मास्तर प्रत्येक पाहुण्याला विचारत होते, जेवला का.

उन्हं उतरल्यावर पाठवणी निघाली. जीपवाल्याने आपली जीप झेंडूच्या माळा लावून आणली होती. बँडने पाठवणीचं नेहमीचं गाणं धरलं, बायकांनी नेहमीप्रमाणे पदर तोंडाला लावले. मुलगी सगळ्यांना भेटली. माझ्या गळ्यात पडून रडली, टेलरना वाकून नमस्कार केला. मास्तरांच्या पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाजूला झाले. बाजूला म्हणजे बँडजवळ. दुसरीकडे कुठे उभं राहायचं हे त्यांना ठाऊक नसावं.

ती जीपमधे बसली. नवरा शेजारी बसला. जीपवाल्याने किल्ली फिरवली, तेवढ्यात तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आबा."

बँड थांबला.

"ते तुमचं वाजवा की."

मास्तर म्हणाले, "शब्द दिलाय मी."

"आता काय नाचायचं हाय का कुणाला," ती म्हणाली. "वाजवा."

जीपवाल्याने किल्ली मागे फिरवली. मास्तरांनी बँडच्या पोराच्या हातातला ट्रम्पेट घेतला, फेट्याच्या शेमल्याने त्याचं तोंड पुसलं. ढोलवाल्याकडे बघून मान हलवली. गाणं सुरू झालं.

मी ते गाणं भरताना शेकडो वेळा ऐकलं असेल. पण मांडवाच्या दारात, उष्ट्या पत्रावळींच्या वासात, तशा पिवळ्या उन्हात कधी ऐकलं नव्हतं. ढोल संथ होता, आणि तो संथच हवा होता. मोरगावच्या एका आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं, हे कंचं गाणं. शेजारी म्हणाला, इंग्रजी हाय, लांबचं हाय. आजोबांनी टोपी काढून हातात घेतली. ट्रम्पेट चढायला लागला. एक एक सूर मास्तर असा ठेवत होते की तो खाली पडायची भीती वाटू नये. टेलर माझ्या शेजारी उभे होते. मी मनात म्हणत होते, आता ती जागा येईल आणि हे पुढे जातील, आणि ती ऐकेल, आणि तिला कळेल.

ती जागा आली आणि ट्रम्पेट थांबला.

मास्तरांनी ट्रम्पेट तोंडाचा काढला नव्हता. गाल फुगलेले होते, छाती भरलेली होती, बोटं बटणांवर होती. आवाज येत नव्हता. रडू आलं की ओठ धरत नाहीत, आणि ओठ धरले नाहीत की पितळेतून नुसती हवा जाते. हे मला क्लॅरोनेटवाल्याने नंतर सांगितलं. तेव्हा फक्त हवेचा आवाज येत होता, चुलीत फुंकर मारताना येतो तसा. त्यांनी एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला. मग ट्रम्पेट खाली घेतला आणि मुलीकडे बघितलं, आणि मी माणसाचं तोंड इतकं ओशाळलेलं कधी पाहिलेलं नाही. पावसाळाभर खपून बसवलेलं सगळं पुढे राहिलं होतं.

बँडची पोरं मास्तरांकडे बघत होती, पण ढोल थांबला नाही आणि बेसही थांबला नाही.

मुलीने खिडकीतून हात बाहेर काढला. तो मास्तरांपर्यंत पोचत नव्हता.

"असू द्या आबा," ती म्हणाली. "कॅसेटीत बी हितंच थांबलंय."

जीप निघाली. ढोल आणि बेस मागे वाजत राहिले. कालव्याच्या पुलावरून जीप वळली, दिसेनाशी झाली, आणि मग तेही थांबले.

ऐकवत नाही म्हणणारी ती मुलगी. कुठे थांबलंय हे सुरापर्यंत सांगायला ती कॅसेट किती वेळा ऐकायला लागते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार.

टेलर म्हणाले, "वहिनी, भरताना चूक न्हवती."

"न्हवतीच," मी म्हणाले. हे वाक्य ऐकायची मी वर्षभर वाट पाहिली होती. ऐकलं, आणि त्याचं काय करावं ते कळेना.

पलीकडे मास्तरांनी ट्रम्पेट काखेत धरला, फेटा सारखा केला आणि राहिलेल्या पाहुण्यांकडे वळले. पाहुणे आम्हीच उरलो होतो. ते आमच्यासमोर येऊन उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "जेवला का सगळी?"

आम्ही सगळे जेवलो होतो. त्यांनी स्वतः वाढलं होतं.

"न्हाय," टेलर म्हणाले. "बसतो की." आणि मांडवात जाऊन पुन्हा पत्रावळीवर बसले. मग जाऊन सर बसले, आणि त्यांच्या शेजारी मीही बसले.